लानहेलिगची पितळी पाटी

काळं पडलेलं पितळ नीलिमाला बघवत नसे. हा तिचा दोष नव्हे, घराण्याचा वारसा होता. तिच्या आईने पुण्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात उभा जन्म काढला, पण तिची समई काळवंडलेली कधी कुणी पाहिली नाही. पाहुणे यायचे असोत, सण असो, नाहीतर नुसतंच मन उदास असो, आई चिंच भिजत घालायची. इतर बायका मन हलकं करायला शेजारी जातात, नीलिमाची आई मोरीत जायची. लेक नेमकी आईवर गेली होती.

म्हणून त्या रविवारी, पाडवा चार दिवसांवर आला असताना, सिंगापुरात तोआ पायोहमधल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती सिंकपाशी उभी राहून गुढीचा तांब्या चिंचेच्या कोळाने चोळत होती. वर्षभर कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेला तांब्या मळून मळणार किती. पण न घासता चढवला तर आई वरून बघेल, अशी तिला अजून धास्ती होती.

हॉलमध्ये तिची मुलगी जाई सोफ्यावर आडवी पसरली होती. वय सोळा, मांडीवर टॅब्लेट. टॅब्लेट घरात सगळ्यांचा मिळून एकच, त्यामुळे कुणाचीही मेल आली की पहिली बातमी जाईला.

"मम्मा, तुझी मेल आहे. सम चर्च इन वेल्स," ती तिथूनच सिंगापुरी ढंगात म्हणाली. "गॅरेथ प्राइस. डू यू नो हिम, आ?"

तांब्या सिंकमध्ये ठणकन पडला.

"वाचू का?"

"नको. हात धुऊन येते."

हात धुवायला तिला पाच मिनिटं लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. वेल्स हा नुसता शब्द ऐकला की नीलिमाला आधी पितळ दिसायचं.

मेल साधी आणि प्रेमळ होती. लानहेलिगच्या चर्चला यंदा सातशे वर्षं होतात, त्यानिमित्त गावाची एक छोटी पुस्तिका काढतोय, ईस्टरच्या आधीच्या रविवारी वाटायची आहे, असं गॅरेथने लिहिलं होतं. तुम्ही तीन वर्षं इथे होतात, एखादी आठवण किंवा फोटो असेल तर पाठवा. पुस्तिकेचा कच्चा मसुदा सोबत आहे, पुढच्या सोमवारी छपाईला जाईल. काकू बरी आहे, पण आता वृद्धाश्रमात असते, मी दर बुधवारी आणि रविवारी जातो. पाऊस आहेच.

काकू म्हणजे एलुनेद. नीलिमाची लानहेलिगमधली शेजारीण.

नीलिमाने मसुदा उघडला. चौदाव्या पानावर तिला जे दिसायचं होतं ते दिसलं. वेदीजवळच्या भिंतीवरची सोळाशे चौतीस सालची पितळी स्मृतिपाटी आता वाचता येत नाही, असं तिथे गॅरेथने लिहिलं होतं. २००९ साली माझी काकू एलुनेद प्राइस हिने उत्साहाच्या भरात ती भलत्याच कशाने तरी घासली. मन मोठं आणि हात जड, असं गावात तिच्याबद्दल अजून म्हणतात.

थट्टेनेच लिहिलं होतं, मायेनेही. पण छापायला निघालं होतं.

एलुनेदने त्या पाटीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पाटी घासली होती नीलिमाने. हे आता जगात तीन माणसांना ठाऊक होतं: नीलिमाला, तिच्या नवऱ्याला आणि एलुनेदला. आणि गेली सतरा वर्षं तिघंही मूग गिळून बसली होती.

*

रवींद्रला त्या वेळी वेल्समधल्या एका यंत्रांच्या कारखान्यात तीन वर्षांचं काम मिळालं होतं. कारखाना खोऱ्यात, आणि परवडणारं घर वर लानहेलिगला. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढंसं गाव. तीस-बत्तीस घरं, एक पब, बंद पडलेलं पोस्ट आणि माणशी वीस-वीस मेंढ्या. गावाच्या मधोमध चर्च. भोवती गोल दगडी कुंपण, कुंपणात थडगी, आणि दाराशी एक जाडजूड सदाहरित झाड, जे चर्चहून जुनं आहे असं गावकरी तुम्ही न विचारताच सांगायचे. आत चुन्याच्या पांढऱ्या भिंती, ओलसर वास, पाठ टेकून टेकून गुळगुळीत झालेले बाक. रविवारी तेरा-चौदा माणसं. एखादा आजारी पडला तर मोजणी चुकल्यासारखी वाटायची.

नीलिमा तिथे पहिले दोन दिवस खिडकीत बसून रडली. तिसऱ्या दिवशी एलुनेदने दार वाजवलं. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्याने अधू, आवाजाने खणखणीत. हातात निळ्या काठाची प्लेट आणि तिच्यावर चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड पाव. आता आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. नीलिमाने चौथ्या दिवशी त्याच प्लेटमध्ये सहा रव्याचे लाडू ठेवून ती परत केली. एलुनेद गोंधळली. तिला वाटलं, या पोरीकडे प्लेट रिकामी आली तर अपमान होत असावा, म्हणून तिनेही पुढच्या वेळी भरूनच पाठवली. अशी ती प्लेट तीन वर्षं दोन घरांमध्ये फेऱ्या मारत राहिली.

चर्च झाडायला गावातल्या बायकांच्या पाळ्या होत्या. दाराच्या आत कागद टाचलेला, कागदावर नावं. एलुनेदचं नाव त्यावर एकेचाळीस वर्षं होतं. गुडघा फार दुखायला लागला तेव्हा नीलिमा तिच्याबरोबर जायला लागली. आईला फोनवर विचारलं, की मी जाऊ का, ते त्यांचं देऊळ. आई म्हणाली, "झाडूला कुठला धर्म असतो गं? जा."

दोन हजार नऊचा पाडवा झाला, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचा तो फुलांचा रविवार होता. त्या दिवशी गावातलं प्रत्येक घर आपल्या माणसांची थडगी धुतं आणि त्यांवर पिवळी फुलं ठेवतं. आपण पितरांना पान वाढतो, तसं. आदल्या शनिवारी पाळी एलुनेदची, आणि तिला खुर्चीतून उठवेना. तिने किल्ली नीलिमाच्या हातात दिली.

"फरशी झाड, बाक पूस, फुलदाण्या धू," ती म्हणाली. "आणि भिंतीवरची ती जुनी पाटी आहे ना, तिला राहू दे. तिला काही करायचं नाही."

आता इथेच सगळं बिनसलं. आपल्याकडे कुणी कामाला नको म्हटलं, तर तो नकार नसतो, ती रीत असते. पाहुणी भांडी घासायला उठली की यजमानीण राहू दे म्हणते, आणि पाहुणीने ती घासायचीच असतात. राहू दे म्हटल्यावर खरोखर राहू देणारी सून आजवर कुठल्याही सासूला आवडलेली नाही. नीलिमाने एलुनेदचं बोलणं असंच ऐकलं. बिचारी भिडस्त आहे, आपल्याला जास्त काम नको म्हणून म्हणते. उद्या सण, आणि देवाच्या घरात एवढं काळं पितळ. तिला आश्चर्याचा धक्का द्यावा.

पाटी हातभर रुंद होती. बाळंतपणात गेलेल्या कुणा बाईच्या आठवणीत तिच्या नवऱ्याने लावलेली. वर गुडघे टेकून बसलेली बाई कोरलेली, तिच्यामागे रांगेत सात मुलं, आणि तिच्या पायाशी कापडात गुंडाळलेलं आठवं. खाली बारीक अक्षरांच्या ओळी. नीलिमाने घरून आमटीची चिंच आणली, मीठ आणलं, काथ्या आणला. कोळ लावल्याबरोबर पितळ उजळायला लागलं. तिचा हुरूप वाढला. अक्षरांच्या खाचांतलं काळं मात्र निघेना. ते काळं मुद्दाम भरलेलं असतं, त्याच्यामुळेच अक्षरं दिसतात, हे तिला कोण सांगणार. ती पुन्हा घरी गेली आणि तारेची घासणी घेऊन आली.

पाचच्या सुमाराला रवींद्र तिला न्यायला आला. गळ्यात नवा डिजिटल कॅमेरा. सुरुवात करण्याआधी तिने त्याला दुपारी बोलावून काळ्या पाटीचा एक फोटो काढायला लावला होता, आता झाल्यावरचा दुसरा. दोन्ही फोटो रात्री पुण्याला गेले. आईचं उत्तर सकाळी आलं: देवाचं काम केलंस.

आईचं उत्तर वाचून ती चर्चला गेली, आणि आत गेल्यावर तिला सगळ्यात आधी दिसलं, की सगळे उभे आहेत. कुणी बसत नव्हतं. भिंतीवर सोन्यासारखा चकचकीत एक कोरा पत्रा होता. बाईचा चेहरा गेला होता. मुलांच्या जागी सात पुसट उंचवटे उरले होते. पायाशी आठवं नव्हतंच. अक्षरं शोधायला एका म्हाताऱ्याने चष्मा काढून नाक पितळाला लावलं आणि मग चष्मा खिशात ठेवून दिला.

कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, की काल पाळी कुणाची होती.

एलुनेद काठीवर रेलून उभी होती. तिने नीलिमाकडे पाहिलं. रागाने नाही. आपलं मूल चारचौघांत काही सांडतं तेव्हा आई त्याच्याकडे बघते तसं. मग ती गावाकडे वळली.

"पाळी माझी होती," ती म्हणाली.

शब्द न् शब्द खरा होता. आत्ता नाही, संध्याकाळी सांगू, असं नीलिमाने स्वतःला बजावलं.

संध्याकाळी रवींद्र म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? आपण परकी माणसं. चारशे वर्षांची वस्तू आहे, पोलीस आले तर? व्हिसा, नोकरी, सगळं लटकेल. दोन दिवसांत विसरतील ते."

ते विसरले नाहीत. शहरातून जुन्या वस्तूंचा जाणकार आला, भिंग लावून बघून गेला, आणि गेलेलं परत येणार नाही असं कळवलं. एलुनेदला कुणी टाकून बोललं नाही, ती तशी माणसंच नव्हेत. फक्त दाराच्या आतला पाळ्यांचा कागद बदलला, आणि नव्या कागदावर तिचं नाव नव्हतं. ती आधी शेवटच्या बाकावर बसायला लागली. उन्हाळ्यात यायचीच बंद झाली. घरासमोर चर्च, आणि रविवारी घंटा वाजली की ती पडदा ओढून घ्यायची. हे नीलिमा आपल्या खिडकीतून बघायची.

प्लेट मात्र फिरत राहिली. ऑक्टोबरात जाई झाली तेव्हा प्लेटवर घडी घालून पांढरी लोकरीची शाल आली, एलुनेदने उन्हाळाभर विणलेली. नीलिमाने बाळाला त्या शालीत गुंडाळलं, आणि त्या दिवशी सांगायचं ठरवलं. मग नाताळात ठरवलं. मग सिंगापूरचं पक्कं झालं तेव्हा निघायच्या दिवशी सांगायचं ठरवलं. त्या दिवशी एलुनेदने पाव दिला, प्रवासात खायला. तो खाऊन झाला. प्लेट सामानात आली. ती रिकामी, अजून तोआ पायोहच्या कपाटावर होती.

*

"मी सांगणार आहे," रविवारी जेवताना नीलिमा म्हणाली. जाई क्लासला गेली होती.

रवींद्रने मसुदा वाचला होता. तो भात कालवत राहिला. "ती अठ्ठ्याऐंशीची आहे. आता तिला कशाला त्रास?"

"त्रास तिला, की आपल्याला?"

तो वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, आणि घाबरटपणाला शहाणपण म्हणायची त्याला सवय होती. "बरं," तो शेवटी म्हणाला. "पण आधी तिला सांग. गॅरेथला नंतर."

नीलिमाला हे फार पटलं, आणि पटण्याचं कारण तिला आवडण्यासारखं नव्हतं. एका म्हातारीला फोनवर सांगायचं, ती माफ करणार, मग तीच पुतण्याला सांगून ते वाक्य काढून टाकणार. चारचौघांत उभं राहायला नको. माफी मागायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात माफी मिळाल्याचा प्रसंग आधीच रंगवून तयार असतो. नीलिमाच्या डोक्यात तर एलुनेदचे संवादही तयार होते.

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता, तिथे सकाळचे दहा, ठरल्याप्रमाणे गॅरेथने वृद्धाश्रमातून व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर आधी त्याचा अंगठा, मग एक खिडकी, आणि मग एलुनेद. केवढीशी झाली होती. स्वेटरच्या बाह्यांत हात हरवले होते.

"नीलिमा," ती म्हणाली. नाव बरोबर घेतलं. "प्लेट तुझ्याकडे आहे, की माझ्याकडे?"

"माझ्याकडे," नीलिमा म्हणाली. पाणी पिऊन तिने सुरुवात केली. "एलुनेद, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. ती चर्चमधली पितळी पाटी मी घासली होती. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी घासली. चिंचेने, तारेच्या घासणीने. तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात, आणि मी तुम्हाला गप्प राहू दिलं. माझं फार चुकलं."

एलुनेद लक्ष देऊन ऐकत होती. मग ती हसली, आणि मान हलवली.

"नाही गं. ती मी घासली."

"नाही, एलुनेद. तुम्ही त्या दिवशी घरी होता. तुमचा गुडघा..."

"माझे हात काळे झाले होते. मला आठवतंय ना." तिने बाहीतून हात काढून स्वतःच त्याच्याकडे पाहिलं. "फार हौसेने घासली मी. आठ लेकरं त्या बाईची. शेवटचं तर अंगठ्याएवढं, ते पहिल्यांदा गेलं. मी रोज रात्री तिची माफी मागते. अजून काही म्हणाली नाही ती."

इतकी वर्षं एकच गोष्ट गावातून ऐकत ऐकत म्हातारीने ती स्वतःची करून टाकली होती. दुसऱ्याचं पाप तिने नुसतं अंगावर घेतलं नव्हतं, आता तेच तिला खरं आठवत होतं.

"तुम्ही माफी मागू नका," नीलिमा म्हणाली. "मी मागायला पाहिजे. मी केलं ते."

"गॅरेथ, बघ," एलुनेद पुतण्याला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "एवढ्या लांबून माझं ओझं उचलायला आली ही पोर. मी म्हणत नव्हते, फार गुणी आहे?"

नीलिमा आणखी बोलायला गेली तशी एलुनेद भांबावली, इकडेतिकडे बघायला लागली. गॅरेथचा चेहरा पडद्यावर आला. ती थकली आहे, असं हळू म्हणून त्याने फोन ठेवला.

मागे दारात जाई उभी होती. "मम्मा," ती म्हणाली, "दॅट वॉज सो काइंड, लाह. तिला बरं वाटावं म्हणून तू तिचा ब्लेम घेतलास."

नीलिमाने त्याच संध्याकाळी गॅरेथला लिहिलं: मी बोलले ते खरं आहे, कृपया चौदावं पान बदला.

पाडव्याच्या दिवशी दुपारी त्याचं उत्तर आलं. गॅलरीत गुढी उभी होती, तांब्या उन्हात लखलखत होता, आणि सकाळपासून नीलिमा त्याच्याकडे न बघता जात-येत होती. गॅरेथने पान बदललं होतं खरं. जुनं वाक्य जागच्या जागी होतं. त्याच्याखाली एक नवं आलं होतं: काकूवरचं प्रेम इतकं, की तिची जुनी शेजारीण नीलिमा आज सिंगापूरहून हा दोष स्वतःवर घ्यायला पुढे आली. असे शेजारी लानहेलिगला लाभले.

श्रीखंडाचा घास तिच्या तोंडात फिरत राहिला. बोलायला हवं होतं तेव्हा ती बोलली नाही, आणि सगळ्यांनी तिचं निभावून नेलं. आता बोलत होती, तर तिचा सत्कार होत होता.

"तू सांगितलंस," रवींद्र म्हणाला. "दोनदा सांगितलंस. आता त्यांनी मानलं नाही, त्याला तू काय करणार? सुटलीस."

हे फार मोहाचं होतं. एक अख्खा दिवस नीलिमा त्या वाक्यापाशी रेंगाळली. शुक्रवारी ऑफिसात, तिथून परतताना, हॉकर सेंटरच्या रांगेत जाईसाठी नूडल्स घेताना, ती मनाशी म्हणत होती, की सांगितलं ना आपण. आणि प्रत्येक वेळी बाहीतून हात काढून त्याच्यावरचं काळं शोधणारी एलुनेद तिच्यासमोर येत होती. सुटली असेल तर नीलिमा. म्हातारी कुठे सुटली होती.

शनिवारी सकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "फोटो कुठे आहेत?"

"कुठले?" रवींद्र म्हणाला. पण त्याने कपाटाच्या वरच्या खणाकडे आधीच पाहिलं होतं.

जुनी हार्ड डिस्क एका खोक्यात होती, खालती पांढरी शाल. वायर जोडून उघडून दिलं ते जाईने. घरात हे दुसऱ्या कुणाला येत नसे. त्यामुळे फोटोही पहिले तिनेच पाहिले.

पहिल्यात काळी पाटी होती. नीट, जवळून. गुडघ्यांवर बसलेली बाई, तिच्यामागे सात, पायाशी आठवं. खालची अक्षरं मोठी केली तर एकेक वाचता येत होतं. हे नीलिमाच्या कधी मनातच आलं नव्हतं. जी पाटी परत वाचता येणार नाही म्हणून गाव हळहळत होतं, ती सतरा वर्षं तिच्या कपाटात धडधाकट पडून होती. त्या रविवारी तोंड उघडलं असतं, तर निदान बाईचं नाव तरी गावाला परत मिळालं असतं.

दुसऱ्या फोटोत पाटी कोरी होती, आणि पाटीशेजारी एकतीस वर्षांची नीलिमा. बाह्या वर सारलेल्या, हातात हिरव्या बांगड्या आणि तारेची घासणी, पायाशी भांड्यात काळं पाणी. बक्षीस मिळाल्यासारखी हसत होती. कोपऱ्यात तारीख आणि वेळ.

"मम्मा," जाई म्हणाली. "दिस इज यू."

"हो."

"म्हणजे तू खरं सांगत होतीस तिला."

"हो."

जाईने खोक्यातली शाल काढली आणि उलटसुलट करून पाहिली. "ही तिने मला आधी दिली, की नंतर?"

"नंतर," नीलिमा म्हणाली. "तिला चर्चच्या पाळीतून काढलं त्यानंतर."

जाईने शाल मांडीवर ठेवली. सोळा वर्षांच्या मुलीच्या नजरेत आई एका क्षणात किती खाली उतरू शकते, ते नीलिमाला दिसत होतं, आणि ते तिने बघून घेतलं. चुकवलं नाही.

"सेंड इट," जाई म्हणाली.

नीलिमाने दोन्ही फोटो पाठवले. खाली लिहिलं: ही मी आहे. तारीख बघा. एलुनेदला सगळं ठाऊक होतं आणि तिने मला वाचवलं. माझं नाव छापा.

रविवारी रात्रीची जेवणं आटोपताना उत्तर आलं. एरवी गॅरेथच्या प्रत्येक मेलमध्ये पाऊस असायचा. यात नव्हता.

चौदावं पान बदललं आहे, दोन्ही फोटो छापतो आहे, असं त्याने लिहिलं होतं. त्या बाईचं नाव आज सकाळी आम्ही चर्चमध्ये मोठ्याने वाचलं, त्याबद्दल आभार. बाकीच्याबद्दल काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही. काकूला फोटो दाखवले. तिने फार वेळ हातात धरले. ही पोरगी किती आनंदात आहे बघ, म्हणाली. मग सगळं तिच्या ध्यानात आलं असावं. तिने मला विचारलं, की ही हिने घासली, तर मग मी चर्चला जायची बंद का झाले? बुधवारी दहाला मी तिच्याकडे जाईन. ते तिला तुम्ही सांगा.

नीलिमाने मेल रवींद्रच्या हातात दिली. स्वतः खुर्चीवर चढून तिने कपाटावरची निळ्या काठाची प्लेट काढली आणि नळाखाली धरली. पंधरा वर्षांची धूळ होती. हाताने, नुसत्या पाण्याने, ती धूत राहिली.

"काय सांगणार तिला?" रवींद्रने विचारलं.

"माझ्यामुळे, म्हणून सांगणार."

"आणि तिने पुन्हा मानलं नाही तर?"

"पुन्हा सांगेन."

जाई टेबलाशी बसून ऐकत होती. "मम्मा, शी फर्गेट्स," ती म्हणाली. "पुढच्या वेळी ती परत विसरलेली असेल. परत म्हणेल, मीच केलं."

नीलिमाने प्लेट पुसली आणि टेबलावर ठेवली.

"मग त्या बुधवारीही सांगेन," ती म्हणाली.